उद्याची चिंता कशाला वाहता?



अक्षय तृतीया जवळ आली की आमच्या सोनाळ्यात चावडीवर, पानठेल्यावर, बसथांब्यावर एकच विषय निघतो : यंदा भेंडवळची मांडणी काय सांगते? भेंडवळ हे शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातील गाव. तेथे अक्षय तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. जमिनीवर गोल आखून त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, हरभरा, जवस, तीळ, सरकी अशी अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मधोमध खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, कुरडई, सांडोई, करंजी, आणि बाजूला राजाच्या नावाचे पानसुपारी. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा जागचा हलला, पान तसेच आहे काय, हे पाहून वर्षाचे भाकीत सांगतात : पाऊस किती, पीक कोणते, भाव काय, आणि राजाचे काय होणार. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते. आज हे भाकीत सूर्य वर येण्याच्या आत हातोहाती मोबाईलवर साऱ्या वऱ्हाडात पोहोचते.

हा लेख मी भेंडवळला जमणाऱ्या शेतकऱ्यांची थट्टा करण्यासाठी लिहिलेला नाही. थट्टा करणे सोपे असते आणि त्याने कोणाचाही विचार बदलत नाही. शिवाय तेथे उन्हातान्हात उभा असलेला माणूस मूर्ख नसतो, तो काळजीने पोखरलेला असतो. त्याने बी-बियाण्यासाठी पैसे उचललेले असतात, मुलीचे लग्न ठरवायचे असते, गेल्या वर्षीचे देणे डोक्यावर असते. ज्याचे सारे वर्ष आभाळाकडे पाहण्यात जाते त्याने एका घागरीकडे पाहिले तर त्यात नवल ते काय? मला विचार करायचा आहे तो त्या घागरीच्या मागे असलेल्या मनाचा. आणि ते मन काही केवळ भेंडवळच्या शेतात नसते. ते तुमच्या-माझ्या घरात, रात्री दोन वाजता, उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे पाहत पडलेले असते. उद्या काय होईल? या तीन शब्दांनी जितकी झोप खाल्ली तितकी ढेकणांनीही खाल्ली नसेल.

आपण तथागतांचे अनुयायी म्हणवतो. तेव्हा या प्रश्नाला धम्म काय उत्तर देतो हे आधी पाहिले पाहिजे.

दीघ निकायात ब्रह्मजाल सुत्त नावाचे पहिलेच सुत्त आहे. भिक्खूंनी कोणत्या मार्गाने पोट भरू नये याची त्यात एक लांबलचक यादी आहे. ती वाचताना मी थबकलो. पाऊस चांगला पडेल की अवर्षण होईल हे सांगणे, पीक उदंड येईल की दुष्काळ पडेल हे सांगणे, अमका राजा चढाई करील, तमक्याचा जय होईल हे सांगणे, ग्रहण आणि नक्षत्रांवरून शुभाशुभ वर्तवणे, हे सारे त्या यादीत आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीही लोक पाऊस, पीक आणि राजा याच तीन गोष्टी विचारीत होते! त्या सांगून उपजीविका करणे ही हीन विद्या होय आणि श्रमणाने तिच्यापासून दूर राहावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तथागतांना लोकप्रिय व्हायचे असते तर भाकीत सांगण्यासारखा सोपा मार्ग नव्हता. त्यांनी तो नाकारला. का नाकारला, याचा आपण विचार केला आहे काय?

पहिले कारण असे. भाकीत विचारणारा माणूस मनात एक गोष्ट गृहीत धरून चालतो. ती म्हणजे उद्याचा दिवस कुठेतरी आधीच तयार करून ठेवलेला आहे. तो फक्त झाकलेला आहे आणि कोणीतरी झाकण उचलून दाखवायचे आहे. परंतु उद्या असा तयार असतो काय? तथागतांच्या काळी याबद्दल तीन मते प्रचलित होती. एक मत म्हणे, माणसाच्या वाट्याला येते ते सारे पूर्वी केलेल्याचे फळ. दुसरे म्हणे, सारे ईश्वराच्या इच्छेने होते. तिसरे म्हणे, कशालाच काही कारण नाही, सारे आपोआप घडते. अंगुत्तर निकायात तथागतांनी ही तिन्ही मते तपासली आणि तिन्ही बाजूला सारली. कारण यांपैकी कोणतेही मत खरे मानले तर अमुक करावे आणि तमुक करू नये याला काही अर्थच उरत नाही. मक्खली गोसाल तर म्हणत असे की सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत जाऊन संपतो, तसे प्राण्याचे आयुष्य ठरल्याप्रमाणे उलगडते. तथागतांनी या नियतिवादाचा कडक निषेध केला.

मग उद्या येतो कोठून? तो कारणांतून येतो. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पाद. उद्याचा दिवस आज कोणत्याही घागरीत भरलेला नाही. त्याची कारणे मात्र आज आपल्यासमोर आहेत. काही आपल्या हातातली, काही आपल्या हाताबाहेरची. जी हातातली आहेत त्यांना हात घालावा. जी हाताबाहेरची आहेत ती काळजी केल्याने हातात येत नाहीत. यात चिंतेला जागा कोठे आहे? कोणी म्हणेल, गुरुजी, चिंता केली म्हणूनच मनुष्य कामाला लागतो. ठीक आहे. पण कामाला लागला त्या क्षणी तो चिंता करीत नसतो, काम करीत असतो. फळ कामाला येते. चिंता फुकटचे श्रेय घेते.

दुसरे कारण असे की भाकीत खरे ठरले तरी त्याचा उपयोग होत नाही. तुम्हाला २०२३ साल आठवत असेल. त्या वर्षी २२ एप्रिलला अक्षय तृतीया होती. बरोबर तीन महिन्यांनी, २२ जुलै २०२३ रोजी, आमच्या संग्रामपूर आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. नदीनाले पात्र सोडून गावांत शिरले, गावांचा संपर्क तुटला, जनावरे वाहून गेली, शेतांतील माती पिकासकट खरडून गेली. जून महिनाभर लोक पाऊस येत नाही म्हणून चिंता करीत होते, आणि त्यांचे नुकसान पावसाने केले! चिंता एका दाराशी पहारा देत बसते आणि संकट दुसऱ्या दाराने येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आता घटकाभर असे समजा की एखाद्या ढेकळाने जुलैत पाऊस फार असे अगदी अचूक सांगितले. तरी कोणता नाला फुटेल, कोणाचा बांध जाईल, कोणत्या घटकेला पाणी चढेल, हे ते ढेकूळ सांगू शकले असते काय? आणि नाल्यातला गाळ काढणे, बांध भरणे, गोठा उंचावर नेणे, विम्याचा अर्ज वेळेत भरणे, हवामान खात्याच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवणे, ही कामे भाकीत असते तरी करावी लागली असती आणि नसते तरी करावीच लागणार होती. म्हणजे भाकिताने आपल्या कामात दाण्याइतकीही भर पडली नाही. ज्याला काम करायचे आहे त्याला भाकिताची गरज नाही, आणि ज्याला काम करायचे नाही त्याला भाकीत वाचवू शकत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. चिंता निष्फळ आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः ती निष्फळ नाही. तिला फळ येते, पण आपल्याला हवे ते येत नाही. संयुत्त निकायात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. अज्ञ माणसाला दुःखाचा एक बाण लागतो, आणि लगेच तो शोक, विलाप करून मनात दुसरा बाण मारून घेतो. ज्ञानी माणसालाही पहिला बाण लागतो, पण दुसरा तो मारून घेत नाही. चिंतेची तऱ्हा याहूनही वाईट, असे मला वाटते. तिच्यात पहिला बाण अजून सुटलेलाही नसतो, कित्येकदा सुटणारही नसतो, आणि आपण दुसरा बाण छातीत रुतवून घेऊन कण्हत बसतो! ध्यानाच्या आड येणारी जी पाच नीवरणे सांगितली आहेत, त्यांतले चौथे उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे मनाची अस्वस्थता आणि घालमेल. नीवरण म्हणजे पडदा. हा पडदा पडला की समोर काय आहे ते दिसेनासे होते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझे वडील अखेरच्या आजारात चार महिने अंथरुणावर होते. मी रोज रात्री त्यांच्या उशाशी बसत असे. शरीराने मी तेथे होतो. मनाने मी औषधाचा खर्च, उसनवारी आणि पुढे आईचे कसे होईल याचा हिशेब मांडीत होतो. वडील हळू आवाजात काही काही सांगत. १९५६ साली माझे आजोबा भाकरी फडक्यात बांधून शेगावहून गाडीत बसले आणि नागपूरला दीक्षेला गेले, त्याची हकीकत ते सांगत. गाडीत कोण कोण होते, रात्री कोठे झोपले, दीक्षाभूमीवर त्यांनी काय पाहिले, परत आल्यावर घरातले देव कसे काढले. मी हुं हुं करीत असे. माझे लक्ष नव्हते. वडील गेले. ज्या खर्चाची मी चिंता करीत होतो तो जसा व्हायचा तसा झाला, देणे दोन वर्षांत फिटले, आई कामात रमली. पण ती हकीकत गेली. आज माझी मुलगी विचारते, बाबा, पणजोबा नागपूरला गेले तेव्हा काय झाले? मला चार वाक्यांपलीकडे सांगता येत नाही. चिंतेने माझे उद्याचे काहीच वाचवले नाही. माझ्या हातातला आज मात्र तिने खाल्ला. मज्झिम निकायातील भद्देकरत्त सुत्तात तथागत सांगतात की गेलेल्याच्या मागे धावू नये, न आलेल्याची आस धरू नये, आता जे समोर आहे ते नीट पाहावे. त्या सुत्ताचा अर्थ मला असा उशिरा कळला.

येथे वाचक एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. मग काय, उद्याचा विचारच करू नये? मिळाले ते खाऊन निवांत पडावे? नाही. असे म्हणणारा धम्म नव्हे. चिंता वेगळी आणि तजवीज वेगळी. तथागतांनी गृहस्थाला उद्याकडे पाठ फिरवायला कधीही सांगितले नाही. सिगालोवाद सुत्तात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला ते मिळकतीचे चार वाटे करायला सांगतात : एक वाटा उपभोगावा, दोन वाटे कामधंद्यात घालावेत, आणि चौथा वाटा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. अडचण येऊ शकते हे तेथे मान्य केले आहे. पण तिच्यासाठी चौथा वाटा बाजूला काढायचा आहे, चौथा प्रहर जागून काढायचा नाही! आणि अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम पाहा. जे अकुशल अजून उत्पन्न झाले नाही ते उत्पन्न होऊ न देणे, जे कुशल अजून उत्पन्न झाले नाही ते उत्पन्न करणे, हे त्याच्या चार अंगांपैकी दोन आहेत. म्हणजे न आलेल्या उद्याला धम्मात पूर्ण जागा आहे. पण ती प्रयत्न म्हणून आहे, घालमेल म्हणून नाही.

बोधिसत्त्व बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने वाचून पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे गेली. या एकवीस वर्षांत त्यांना काळजी वाटण्याजोगे काय थोडे होते? समाज मागे येईल की नाही, विरोधक काय करतील, प्रकृती साथ देईल की नाही. पण ही वर्षे त्यांनी कशात घालवली? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय उभे केले. राज्यघटनेचा मसुदा केला. धम्माचा अभ्यास केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी भविष्याविषयी गंभीर इशारा दिला : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ ठेवला तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील. हे भाकीत आहे काय? नाही. त्यात कारण दाखवले आहे, परिणाम दाखवला आहे, आणि कारण दूर करण्याचा मार्गही दाखवला आहे. जोशी सांगतो, असे होईल. बाबासाहेब सांगतात, हे कराल तर असे होईल, ते कराल तर तसे होईल. या दोन वाक्यांत गुलाम आणि स्वतंत्र मनुष्य यांच्याइतके अंतर आहे.

आणि अखेरचे पाहा. मधुमेहाने शरीर खिळखिळे झाले होते, दृष्टी मंदावली होती. तशा अवस्थेत त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहून पुरा केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. छापलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. आपण हयात असू की नसू, या विवंचनेत ते बसले असते तर आज तुमच्या घरात तो ग्रंथ असता काय?

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. कोणी विचारील, पगारी मास्तराने चिंता करू नका असे सांगणे सोपे. ज्याच्या घरात दाणा नाही त्याने काय करावे? हा प्रश्न टाळून पुढे जाणे मला शोभणार नाही. आपला बुलढाणा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. अशा मुलखात फासाची दोरी हातात घेतलेल्या माणसाला चिंता व्यर्थ आहे असे प्रवचन देणारा मनुष्य निष्ठुर म्हटला पाहिजे. मी तसे म्हणत नाही. मी म्हणतो, त्याची चिंता त्याच्या एकट्याच्या डोक्यात कोंडून ठेवली म्हणून ती फास झाली. ती चारचौघांत मांडली, तिची कारणे शोधली, तर ती मागणी होते, संघटना होते, अर्ज होते, मोर्चा होते.

कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. त्याला आपल्या भावी कल्याणासाठी महायज्ञ करायचा होता. त्याच्या शहाण्या पुरोहिताने सांगितले, राज्यात चोऱ्या आणि लूटमार आहे, आधी ते पाहा. शेती करतील त्यांना बियाणे आणि चारा दे, व्यापार करतील त्यांना भांडवल दे, चाकरी करतील त्यांना वेतन दे. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून निर्भयपणे राहू लागले. लक्षात घ्या, तेथे लोकांना निर्भय व्हा असा उपदेश केला नाही. भयाचे कारण दूर केले.

आपल्या खारपाणपट्ट्याचेच उदाहरण घ्या. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील कित्येक गावांत खारे पाणी पिऊन पिऊन मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे गेली. घराघरांत चिंता होती : आता कोणाचा नंबर? कोणी नवस केले, कोणी अंगारे आणले. त्याने पाणी गोडे झाले काय? पाणी कोठले, त्यात क्षार किती, हा प्रश्न विचारला गेला, लोकांनी आवाज उठवला, तेव्हा वान धरणाचे पाणी १४० गावांना पोहोचवण्याची योजना पुढे आली. ते पाणी प्रत्येक घरी रोज आणि पुरेसे पोहोचेपर्यंत आवाज बंद करू नये, हे आपले काम. म्हणून गरिबाला माझे सांगणे इतकेच : चिंता सोडून दे असे मी म्हणत नाही, चिंता बाहेर काढ असे म्हणतो. तिच्याकडे बोट दाखवून विचार, तुझे कारण काय?

मी आज पगारी मास्तर असलो तरी सहा वर्षे बिनपगारी होतो. घरात पहिला पदवीधर मीच. बी. एड. करून एका विनाअनुदानित शाळेत लागलो. आज अनुदान येईल, उद्या येईल, यात सहा वर्षे गेली. रात्री झोप नसे. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जात असे. एके रात्री ती उठून म्हणाली, “रातभर जागल्यानं कापूस फुटत नाही रे बापू. वेचाले तं सकायीच जा लागते.” मी गप्प पडून राहिलो. सकाळी उठून अभ्यासाला बसलो. पुढे पात्रता परीक्षा दिली, दुसरी नोकरी मिळाली. अभ्यास केला म्हणून हमखास मिळाली असे मी म्हणणार नाही, कारण माझ्याइतकाच अभ्यास केलेले मित्र अजून बाहेर आहेत. पण जागरणाने मिळाली नाही हे मात्र निश्चित.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एक मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिच्या वडिलांनी पुढे शिकवायचे नाही असे ठरवले. मी घरी गेलो. ते मजुरी करणारे सज्जन गृहस्थ आहेत, मुलीवर त्यांचे प्रेम आहे. त्यांनी कारणे सांगितली : जाण्यायेण्याचा खर्च कोठून आणू? रस्त्यात काही बरेवाईट झाले तर? शिकूनही नोकरी लागली नाही तर? जास्त शिकली आणि स्थळ मिळाले नाही तर? साऱ्या कारणांत एकही गोष्ट घडलेली नव्हती. सारे “तर” होते. मी वहीचे पान काढले आणि प्रत्येक “तर” लिहून पुढे विचारले, यावर आज काय करता येते? जाण्यायेण्यासाठी ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास मिळतो. खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढता येतो. रस्त्यात सोबत हवी, तर वस्तीतील आणखी दोन मुली त्याच गाडीने जातात. राहिले दोन “तर” : नोकरी आणि स्थळ. त्यांच्यापुढे मी काही लिहू शकलो नाही. मी त्यांना प्रामाणिकपणे म्हणालो, “दादा, हिला नोकरी लागेल असे वचन मी देऊ शकत नाही. मला स्वतःला सहा वर्षे पगार नव्हता. पण नोकरी लागणार नाही हे तुम्हालाही माहीत नाही. जे दोघांनाही माहीत नाही त्याच्यासाठी, जे दोघांना दिसते आहे ते, म्हणजे हिची आजची हुशारी, बुडवायची काय?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दाखल्याले कोणते कागद लागतात?” मुलगी आज अकरावीत आहे. पुढे काय होईल मला ठाऊक नाही. पण त्या घरातला तो प्रश्न पाहा. “तर काय होईल?” याच्या जागी “कोणते कागद लागतात?” हा प्रश्न आला. धम्माचे आचरण म्हणजे दुसरे काय असते?

आता थोडे आपल्याच वस्तीविषयी. दीक्षा घेऊन आपल्याला किती वर्षे झाली? तरी लग्न जमले की आपलेच लोक हळूच पंचांग पाहून येतात, घर बांधताना दिशा विचारतात, मुलाचा निकाल लागत नाही म्हणून हात दाखवतात. कोणी मला म्हणाले, बाबासाहेबांनीही दसऱ्याचा दिवस पाहिलाच ना? बाबासाहेबांनी तो दिवस नक्षत्र पाहून निवडला नाही. अशोक विजयादशमीचे ऐतिहासिक स्मरण म्हणून निवडला. इतिहास आठवणे आणि ग्रहांना भिणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जातकात नक्खत्त जातक नावाची कथा आहे. शहरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलगी ठरवली, दिवसही ठरला. ऐन दिवशी त्यांनी आपल्या ओळखीच्या आजीवकाला नक्षत्र विचारले. आधी विचारले नाही याचा त्याला राग आला, म्हणून त्याने आज नक्षत्र वाईट असे ठोकून दिले. वरपक्ष गेला नाही. खेड्यातील लोकांनी वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्याला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी हे वाजतगाजत पोहोचले तो काय, मुलगी गेलेली! नक्षत्राची वाट पाहता पाहता, ज्यासाठी नक्षत्र पाहायचे तीच गोष्ट हातची गेली. आणि वाईट ग्रह कोणता होता? एका माणसाचा रुसवा!

चिंतेवर जगणारे लोक प्रत्येक काळात असतात. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दाखवून दिले की शेतकऱ्याला जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक वळणावर भय दाखवून कसे नागवले जाते. ज्याच्या मनात उद्याचे भय आहे त्याच्या खिशात हात घालणे सोपे असते. म्हणून चिंता ही केवळ मनाची दुर्बलता नाही, ती गुलामगिरीची कडी आहे. बावीस प्रतिज्ञा घेताना आपण पुरोहिताला दाराबाहेर काढले. त्याने टाकून दिलेले भय मात्र आपण घरातच ठेवले तर तो पुन्हा येईल. वेगळ्या कपड्यात येईल, मोबाईलमधून येईल, पण येईल.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, माझी एक साधी विनंती आहे. आज रात्री उद्याचे काहूर मनात उठले तर उठून बसा. त्या काळजीला दोन प्रश्न विचारा. तुझे कारण काय? आणि त्यातले माझ्या हातात किती? जे हातात असेल ते कागदावर लिहा आणि सकाळी त्यातले एक काम करा. जे एकट्याच्या हातात नसेल ते शेजाऱ्याला सांगा, विहारातल्या बैठकीत मांडा. दहा जणांच्या हातात ते कदाचित येईल. आणि जे कोणाच्याच हातात नसेल, जसे म्हातारपण, आजार, मरण, त्याच्यासाठी जागू नका. ज्याच्यासाठी जीव तुटतो आहे त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि तो काय सांगतो ते नीट ऐका. मी ऐकले नाही, म्हणून सांगतो.

यंदाही अक्षय तृतीया येईल. घट मांडला जाईल, ढेकळे भिजतील, कोणी आनंदेल, कोणी हिरमुसेल. त्याच पहाटे आमच्या सोनाळ्यात कोणीतरी बांधावर माती टाकीत असेल, कोणी नाल्यातले काटेरी झुडूप तोडीत असेल, एखादी मुलगी दप्तर घेऊन गाडीची वाट पाहत उभी असेल. पाऊस येवो अथवा न येवो, वर्ष त्यांच्या हातून घडणार आहे.

जय भीम!